भाषणं बाजूला ठेवा, मसुदे वाचा : मध्य-डाव्या विचारांच्या मुळांसाठी कोणते खंड घ्यावेत?

डावीकडे झुकलेल्या मध्यममार्गी विचारांची मुळं वाचायची ठरली की अभ्यासगटांत बहुधा एकच क्रम दिसतो. पहिल्या रविवारी कम्युनिस्ट जाहीरनामा, दुसऱ्या रविवारी निम्मी मंडळी, तिसऱ्या रविवारी नुसता चहा. दोष मंडळींचा नाही, पुस्तकाच्या निवडीचा आहे. या विचाराला समता हवी असते, पण मतपेटी, कायदा आणि भरपाई या वाटेने. बाजार मोडायचा नसतो आणि सगळं त्याच्यावर सोपवायचंही नसतं. म्हणून त्याची मुळं घोषणापत्रांत कमी आणि विधेयकं, आयोगापुढच्या साक्षी, घटनेचे प्रस्तावित मसुदे यांत जास्त सापडतात. पैसा कुठून आणायचा, जमीन कुणाकडून कशी घ्यायची, सक्ती कुणावर करायची, याची उत्तरं तिथे कलमवार द्यावी लागतात.

हा निकष लावून तीन संच इथे तपासले आहेत : महाराष्ट्र शासनाने इंग्रजीत काढलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं महात्मा फुले समग्र वाङ्मय आणि मराठी विश्वकोशाची ऑनलाइन आवृत्ती. पैसे मोजून एकच घ्यायचं असेल तर आंबेडकरांचा खंड १ घ्या.

हा खंड १९७९ साली निघाला, संपादक वसंत मून. पाचशेच्या आसपास पानं. लोक तो ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’साठी घेतात, तेवढं वाचतात आणि मिटून ठेवतात. आपल्या कामाचा मजकूर मात्र त्यानंतरच्या भागात आहे. तिथे ‘रानडे, गांधी आणि जीना’ हे व्याख्यान आहे, १९१८ सालचे दोन अर्थशास्त्रीय लेख आहेत आणि १९४७ चं ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन आहे. मध्य-डाव्या विचारांचे तीन धागे, म्हणजे उदारमतवाद, जातिविरोध आणि राज्याने चालवायची अर्थव्यवस्था, एकाच बांधणीत इतके जवळ दुसरीकडे क्वचितच मिळतील.

‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’पासूनच सुरुवात करा. सुमारे सत्तर पानांचं हे निवेदन शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या आंबेडकरांच्या पक्षाच्या वतीने संविधान सभेसाठी तयार झालं. त्यातलं अनुच्छेद दोन, विभाग दोन, कलम चार पेन्सिल घेऊन वाचावं. कळीचे उद्योग राज्याच्या मालकीचे आणि राज्यानेच चालवायचे. जे कळीचे नाहीत पण पायाभूत आहेत ते राज्याच्या मालकीचे, चालवायला राज्य किंवा राज्याची महामंडळं. विमा ही राज्याची मक्तेदारी, आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला कमाईच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा. शेती हा राज्याचा उद्योग. जमीनमालक, कूळ, गहाणदार यांचे हक्क राज्याने घ्यायचे आणि मोबदला कर्जरोख्यांत द्यायचा. हे रोखे विकता येतील, वारसाला देता येतील, पण त्यांच्या बदल्यात मूळ जमीन परत मागता येणार नाही. मग जमिनीचे ठरावीक आकाराचे तुकडे पाडून गावातल्या कुटुंबांच्या गटांना जातपात न बघता सामूहिक कसायला द्यायचे. पाणी, जनावरं, अवजारं, खत, बियाणं राज्याने पुरवायचं. हे सगळं घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत.

खरी चर्चा पुढच्या स्पष्टीकरणात्मक परिशिष्टावर व्हायला हवी. हा समाजवाद साध्या कायद्याने न आणता घटनेतच का लिहायचा, याचं कारण तिथे दिलं आहे. साधा कायदा पुढचं बहुमत बदलू शकतं, आणि योजना अर्धवट राहिली तर सगळंच फुकट. हुकूमशाही चिकाटीने योजना रेटू शकेल, पण मग स्वातंत्र्य जातं. म्हणून संसदीय लोकशाही ठेवून आर्थिक रचना घटनेने बांधायची, ही तिसरी वाट. युरोपातल्या लोकशाही समाजवाद्यांनाही हाच पेच होता, पण त्यांचा भर निवडणुका जिंकत जाण्यावर होता. मूलभूत कायद्यातच कुलूप लावायची ही कल्पना आंबेडकरांची स्वतःची म्हणावी लागेल.

अभ्यासगटांचा पाय बहुतेक वेळा इथेच घसरतो. १९४७ चं हे निवेदन आंबेडकरांचं शेवटचं मत म्हणून उद्धृत केलं जातं. खंड १३ मध्ये संविधान सभेतली भाषणं आहेत. त्यात १५ नोव्हेंबर १९४८ ची चर्चा काढा. के. टी. शहा यांनी पहिल्या अनुच्छेदात ‘समाजवादी’ हा शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली आणि आंबेडकरांनी ती नाकारली. समाजाची आर्थिक घडण कशी असावी हे लोकांनी वेळोवेळी स्वतः ठरवायचं, घटनेने त्यांचे हात बांधू नयेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. समाजवादी दिशा मार्गदर्शक तत्त्वांत आलेलीच आहे, हेही त्यांनी सुनावलं. दोन भूमिकांमध्ये दोन वर्षांचंही अंतर नाही. एकीकडे एका पक्षाचं निवेदन होतं, दुसरीकडे मसुदा समितीच्या अध्यक्षाचं उत्तर. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याशिवाय या विषयावर बोलूच नये.

१९१८ च्या लेखांपैकी लहान धारणक्षेत्रांवरचा लेख नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीच्या वाचकाला लगेच लागू पडेल. शेताचा आकार बिघ्या-एकरात मोजून ‘लहान’ की ‘मोठा’ ठरत नाही, सोबत भांडवल आणि अवजारं किती आहेत त्यावर ठरतो, हा त्यातला मुद्दा. बांध पुसून गट मोठे केले आणि माणसं तेवढीच शेतीवर राहिली तर काही साधत नाही. जादा हातांना उद्योगांत काम देणं हाच उपाय. सत्तावीस वर्षांच्या अर्थशास्त्रज्ञाने हे लिहिलं होतं. दुसरा लेख म्हणजे बर्ट्रांड रसेलच्या एका पुस्तकाचं परीक्षण. तो छोटा आहे. बळ म्हणजे हिंसाच नव्हे, ऊर्जा म्हणूनही बळ वापरता येतं, हा त्यातला फरक तेवढा टिपून घ्या.

‘रानडे, गांधी आणि जीना’ हे भाषण १८ जानेवारी १९४३ चं, पुण्याच्या डेक्कन सभेतलं, रानड्यांच्या १०१ व्या जयंतीचं. न्यायमूर्ती रानडे निफाडला जन्मले, पण नाशिक जिल्ह्यात त्यांचं नाव अर्थशास्त्रासाठी फारसं घेतलं जात नाही. आंबेडकरांसारखा कठोर टीकाकार त्यांना समाजसुधारक म्हणून इतकं उंच स्थान देतो आणि त्याच दमात त्यांच्या उदारमतवादी पक्षाची संघटनाशून्यता उघडी करतो. सुशिक्षितांची विनंती-अर्जांची परंपरा आणि दलित-कामगारांची राजकीय मागणी एकमेकींना कुठे भेटतात आणि कुठे चुकतात, हे यात दिसतं.

खंडाची मोठी अडचण भाषेची. मजकूर इंग्रजी, आणि बराचसा कायद्याचा. बाजारात खासगी प्रकाशकांचे मराठी अनुवाद आहेत, पण दर्जा एकसारखा नाही. विकत घेण्याआधी दुकानातच एक चाचणी करा. वर सांगितलेलं कलम चार काढा आणि कर्जरोख्यांचं उपकलम बघा. रोखे हस्तांतरणीय असणं आणि मूळ जमीन परत न मागता येणं, या दोन्ही गोष्टी आल्या असतील तर अनुवाद काळजीने केलेला आहे. एक जरी गाळली असेल तर पुस्तक परत ठेवा.

खंड २ आणि खंड १० हे जोडीने घ्यायचे. दुसऱ्यात मुंबई विधिमंडळातलं काम आहे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी मांडलेलं खोती निर्मूलनाचं विधेयक त्यात आहे. कोकणातली खोती, म्हणजे खोताने गावाचा सारा गोळा करून सरकारला भरण्याची पद्धत, रद्द करायची, कसणाऱ्याला थेट सरकारी खातेदार करायचं, पण खोताला वाजवी भरपाईही द्यायची. विधेयक तेव्हा पुढे गेलं नाही, खोती कायद्याने संपायला १९४९ उजाडलं. त्याच खंडात १९३८ च्या औद्योगिक विवाद विधेयकावरचं भाषण आहे. संप हा फार तर करारभंग ठरेल, गुन्हा नव्हे, आणि संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव आहे, हा त्याचा गाभा. कामगार कायद्यावर बोलणाऱ्याने हे भाषण वाचलेलं नसेल तर ते लगेच कळतं.

खंड १० मध्ये १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असतानाचं काम आहे. वाचायला रुक्ष, बरीचशी प्रश्नोत्तरं. पण नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यातल्या माणसाच्या खिशात जे ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, कार्ड असतं त्याची पूर्वतयारी याच काळातली. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला बी. पी. आडारकरांना १९४३ मध्ये नेमलं, त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि कायदा १९४८ मध्ये झाला. कारखाने कायद्याच्या १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला. लंडनमध्ये सामाजिक विम्याची योजना मांडणारा बेव्हरिज अहवाल डिसेंबर १९४२ मध्ये निघाला होता. म्हणजे कल्याणकारी राज्याची चर्चा तिथे आणि इथे जवळपास एकाच वेळी चालू होती, फक्त इथे ती परक्या सरकारच्या चौकटीत. रुपया आणि प्रांतिक वित्तावरचा खंड ६ अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी, बाकीच्यांनी सोडला तरी चालेल. खंड ३ मधला ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ हा लेख मात्र सोडू नये. मार्क्सच्या सिद्धांतातलं काय गळून पडलं आणि काय निखाऱ्यासारखं शिल्लक राहिलं, याचा हिशेब त्यात चार मुद्द्यांत मांडला आहे.

आता फुले समग्र वाङ्मय. पहिली आवृत्ती १९६९ ची, धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेली; पुढे य. दि. फडक्यांनी सुधारून काढली. फडक्यांची आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. ‘गुलामगिरी’वर चर्चा भरपूर होते, पण आपल्या निकषाने दोनच मजकूर महत्त्वाचे. पहिला, १८८२ चं हंटर शिक्षण आयोगापुढचं निवेदन. सरकारी महसूल शेतकरी आणि मजूर भरतात, शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, हा त्याचा हिशेब. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी. कर कोण भरतं आणि लाभ कोण घेतं, हा प्रश्न मराठी मुलखात इतक्या उघडपणे सरकारदरबारी मांडला गेला तो इथे.

त्याच्याशेजारी गोखल्यांचं १९११ चं प्राथमिक शिक्षण विधेयक ठेवा. ते किती सावध होतं बघा. सक्ती स्थानिक संस्थांनी हवी तर करावी, तीही आधीच ठरावीक प्रमाणात मुलं शाळेत जात असतील तिथेच, आणि सहा ते दहा वयाच्या मुलांपुरती. तरीही मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. फुल्यांची मागणी तीस वर्षं आधीची आणि कितीतरी मोठी. उदारमतवादी मंडळी सुधारणा कायद्याच्या भाषेत बसवत होती, ही त्यांची ताकद. विधेयक पडलं तेव्हा त्यांच्या मागे रस्त्यावर उभं राहणारं कुणी नव्हतं, ही त्यांची मर्यादा.

दुसरा मजकूर ‘शेतकऱ्याचा असूड’चं शेवटचं प्रकरण. आधीच्या प्रकरणांतला संताप सगळ्यांना माहीत असतो, शेवटच्यातले उपाय मात्र वाचले जात नाहीत. फौज-पोलिसांकडून बांधबंदिस्ती, पाण्याचे साठे, जनावरांची पैदास, शेतीची प्रदर्शनं, शेतकऱ्यांच्या मुलांचं शिक्षण. ही सगळी सरकारी खर्चाची कामं आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी, तिचा १९७७ चा कायदा आणि पंधरा दिवसांत काम देण्याचं बंधन, हे या यादीसोबत वाचलं की दुवा सांगावा लागत नाही. त्या योजनेसाठी १९७५ पासून शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला जातो. नाशिकमध्ये पगारपत्रकावर ती कपात बघणाऱ्या किती जणांना त्यामागचा हा विचार ठाऊक असेल, शंका आहे.

परदेशी मुळांसाठी विश्वकोश. फुकट आहे, मराठीत आहे, आणि परिभाषा नीट वापरलेली आहे. पण त्याची एक खोड ओळखून वाचावा लागतो. खंड अकारविल्हे निघत गेले. पहिला १९७६ चा, शेवटचे या शतकातले. त्यामुळे ‘उदारमतवाद’ आणि ‘समाजवाद’ या नोंदींमध्ये काही दशकांचं अंतर आहे. पहिलीत सोव्हिएत संघ अजून उभा असल्याचं गृहीत धरूनच वाचावं. ‘उदारमतवाद’, ‘समाजवाद’, ‘कल्याणकारी राज्य’ असा क्रम ठेवा आणि स्वतःच्या वहीत तारखांची एक पट्टी काढा : मिलचा अर्थशास्त्रावरचा ग्रंथ १८४८, हळूहळू, कायद्याच्या वाटेने समाजवाद आणू पाहणारी इंग्लंडमधली फेबियन सोसायटी १८८४, बर्नस्टाइनची मार्क्सवादातली दुरुस्ती १८९९, हॉबहाउसचं उदारमतवादावरचं पुस्तक १९११, केन्सचा सामान्य सिद्धांत १९३६, जर्मन सोशल डेमोक्रॅटांचा बाड गोडेसबर्ग कार्यक्रम १९५९, रॉल्सचा न्यायाचा सिद्धांत १९७१.

ही पट्टी नसली की ठरलेले घोळ होतात. रानड्यांना फेबियन ठरवलं जातं. १८९२ च्या पुण्याच्या व्याख्यानात त्यांनी जो आधार घेतला तो फ्रेडरिक लिस्ट आणि जर्मन ऐतिहासिक संप्रदायाचा होता : इंग्रज अर्थशास्त्राची गृहीतकं भारताला लागू पडत नाहीत, इथे राज्याने उद्योग उभारायला हात दिला पाहिजे. दुसरा घोळ आंबेडकरांचा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स १८९५ मध्ये वेब दांपत्य आणि त्यांच्या फेबियन सहकाऱ्यांनी काढली, म्हणून तिथे शिकलेले आंबेडकरही फेबियन, अशी साखळी लावतात. त्यांचे तिथले मार्गदर्शक एडविन कॅनन बाजारवादाकडे झुकलेले होते. त्यांच्या विचारावर खोल ठसा कोलंबियातल्या जॉन ड्यूईचा. लोकशाही ही सरकारची तऱ्हा नसून एकत्र जगण्याची रीत आहे, ही कल्पना तिथून आली. तिसरा घोळ केन्सला समाजवादी म्हणण्याचा. तो आयुष्यभर लिबरल होता, मात्र त्याच्या हत्यारांवाचून युद्धोत्तर सोशल डेमोक्रॅटांचं पान हललं नसतं.

तिन्ही संचांत एक मोठं भगदाड आहे आणि नाशिककराला ते जास्त खुपायला हवं. १९३२-३३ मध्ये नाशिकरोडच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे, एस. एम. जोशी ही मंडळी होती. काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना तिथे शिजली, पक्ष १९३४ मध्ये झाला. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिलं तेही फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगातच. पुढे काँग्रेसने पक्षांतर्गत संघटित गटांना बंदी केली आणि मार्च १९४८ मध्ये नाशिकच्याच अधिवेशनात समाजवाद्यांनी काँग्रेस सोडली. तुरुंगातल्या त्याच मंडळींपैकी मसानी १९५९ मध्ये मुक्त बाजाराच्या स्वतंत्र पक्षात दिसतात, हेही विसरू नये. या परंपरेचा शासकीय संच नाही. आचार्य जावडेकरांचं ‘आधुनिक भारत’ (१९३८) हा त्यातल्या त्यात चांगला पूल : रानडे-टिळकांपासून गांधी आणि समाजवादापर्यंत एका हाताने लिहिलेलं. भाषा संथ आहे, पण मुद्दा सुटत नाही. १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू झालेल्या ‘साधना’चे जुने बांधीव अंक ग्रंथालयात मिळाले तर पहिल्या दहा वर्षांचे मागा.

मिळवण्याचं काय? आंबेडकरांचे खंड स्वस्त, पण छापील प्रत अनेकदा शिल्लक नसते. पीडीएफ रूपात ते अधिकृतपणे मोफत आहेत. सगळा खंड छापू नका. खंड १ मधलं ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’, रानडे व्याख्यान आणि १९१८ चे दोन लेख एवढंच पाठपोट छापून घ्या, दोन वेगळ्या स्पायरलमध्ये. एकाच जाड स्पायरलची पानं चर्चेत उलटून उलटून फाटतात. कलम चारच्या पानांना डावीकडे रुंद समास सोडायला सांगा, टिपा तिथेच होतात. मूळ छपाई आणि पुनर्मुद्रणाची पानं जुळतीलच असं नाही, म्हणून उद्धृत करताना आवृत्तीचं साल आणि कलम दोन्ही लिहा. फुले वाङ्मय आणि जावडेकर आधी नाशिकच्या १८४० पासूनच्या सार्वजनिक वाचनालयात विचारा. जुन्या आवृत्त्या विकत शोधण्यापेक्षा तिथे चौकशी करणं सोपं.

गट चालवायचा असेल तर सहा बैठका पुरतात. पहिली हंटर निवेदन आणि गोखले विधेयक, दुसरी रानडे, तिसरी खोती विधेयक आणि संपावरचं भाषण, चौथी-पाचवी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ आणि १५ नोव्हेंबर १९४८ ची चर्चा, सहावी रोजगार हमीचा कायदा. प्रत्येक मसुद्यासाठी फळ्यावर चार रकाने आखा : पैसा कुणाचा, सक्ती कुणावर, भरपाई कुणाला, अंमलबजावणी कुणाकडे. चौथ्या-पाचव्या बैठकीला दोन तास कमी पडतील. खंड १३ ची पानं आधीच्या आठवड्यात वाटून ठेवा, नाहीतर १९४७ वरच गाडी अडून बसते.